'देणार नाही' : नकाराच्या विज्ञानकथा आणि कोल्हापूरचा टोल

२०१३ च्या अखेरचा काळ. कोल्हापूर शहरात पोलीस बंदोबस्तात टोलवसुली सुरू होती आणि बातमीसाठी म्हणून मी शिरोली नाक्यावर उभा होतो. 'एमएच ०९' क्रमांकाची एक जुनी पांढरी गाडी खिडकीपाशी येऊन थांबली. आतल्या गृहस्थांनी काच खाली केली, हात स्टिअरिंगवरच ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "देणार नाही."

खिडकीतला मुलगा विशी-बाविशीचा, जवळच्याच गावचा. तो म्हणाला, "काका, मला मागायला सांगितलंय म्हणून मागतोय."

"तुला सांगितलंय, बाळा. मला कुणी सांगिटलेलं न्हाई."

मागे गाड्यांची रांग लागली. कोणी भोंगा वाजवला नाही. पोलिसाने एकदा गाडीकडे पाहिले, एकदा रांगेकडे पाहिले, आणि दांडा वर गेला. जेमतेम एका मिनिटाचा हा प्रकार. बातमीत त्याला एक ओळही मिळाली नाही. परंतु त्या रात्री घरी आल्यावर मी कपाटातून एक जुने पुस्तक शोधून काढले. हा संवाद आपण पूर्वी कोठेतरी वाचला आहे, असे मला सारखे वाटत होते.

माझे शिक्षण कला शाखेचे. विज्ञानाशी असलेला संबंध दहावीनंतर सुटला, आणि यानांच्या व यंत्रमानवांच्या गोष्टी हा मुलांचा विरंगुळा आहे असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो होतो. तो गैरसमज ज्या कथेने दूर केला, तिचा लेखक एरिक फ्रँक रसेल हा इंग्रज. 'अँड देन देअर वेअर नन' ही त्याची दीर्घकथा 'अस्टाउंडिंग' या अमेरिकन मासिकात जून १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचाच विस्तार करून त्याने १९६२ मध्ये 'द ग्रेट एक्स्प्लोजन' ही कादंबरी लिहिली. १९७३ साली निघालेल्या 'सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम'च्या दुसऱ्या खंडातही ही कथा आहे. महात्मा गांधींच्या हत्येला तीनच वर्षे लोटली असताना एका इंग्रज लेखकाने ती लिहिली, ही गोष्ट ध्यानात ठेवून ती वाचावी.

कथा थोडक्यात अशी. पृथ्वीवरून शेकडो वर्षांपूर्वी निघून गेलेल्या लोकांनी दूरदूरच्या ग्रहांवर वसाहती केल्या आहेत. आता पृथ्वीच्या सरकारला त्या सगळ्या पुन्हा एका छत्राखाली आणावयाच्या आहेत. राजदूत, कप्तान, कर्नल, शिपाई अशा सर्व लवाजम्यासह एक प्रचंड यान एका ग्रहावर उतरते. तेथील लोक स्वतःला 'गँड' म्हणवतात. हे नाव आले आहे गांधी या नावावरून. राजदूत विचारतो, तुमचा प्रमुख कोण? उत्तर मिळते, तू तुझे काम बघ. शिपाई एखाद्याला धरून आणतात, तर तो चालण्यासही नकार देतो आणि शिपायांनाच त्याला उचलून न्यावे लागते. त्या ग्रहावर सरकार नाही, सैन्य नाही, पैसाही नाही. त्यांच्याकडे एकच शस्त्र आहे आणि ते तीन इंग्रजी अक्षरांत मावते : 'एफ-आय-डब्ल्यू', म्हणजे 'फ्रीडम, आय वोन्ट'. स्वातंत्र्य म्हणजे 'मी करणार नाही' असे म्हणता येणे. यानातला हॅरिसन नावाचा एक कनिष्ठ अभियंता सायकल घेऊन गावात फिरू लागतो आणि या लोकांत रमतो. त्याच्यामागोमाग रजेवर सोडलेले शिपाईही परत येईनासे होतात. आणखी काही दिवस थांबलो तर यान उडवण्यापुरतीही माणसे उरणार नाहीत, हे कप्तानाच्या लक्षात येते आणि पृथ्वीचे ते महाबलाढ्य यान घाईघाईने पळ काढते. एकही गोळी सुटत नाही.

वाचताना हसू येते, आणि ते यावे अशीच रसेलची इच्छा आहे. पण या विनोदाच्या आत एक गंभीर विचार दडलेला आहे, आणि नेमका तोच बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटतो. पैसा नसलेला हा समाज चालतो कशावर? तो चालतो 'ऑब' या गोष्टीवर. ऑब म्हणजे ऑब्लिगेशन, उपकाराचे ओझे. खानावळवाल्याने तुम्हाला जेवू घातले की तुमच्यावर एक ऑब चढला. तो तुम्ही त्याच्या किंवा त्याला देणे असलेल्या कोणा तिसऱ्याच्या उपयोगी पडून फेडावयाचा. मागे एकदा या कथेचा मराठी अनुवाद करावा असे माझ्या मनात आले होते, आणि या एका शब्दाशी मी अडलो. 'ऋण' लिहिले तर सावकार आठवतो, 'बांधिलकी' लिहिली तर सभेतले भाषण वाटते. सुट्टीत गावाकडे गेलो असता शेतकरी असलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांना मी ही अडचण सांगितली. त्यांनी कोयता खाली न ठेवताच उत्तर दिले, "पैरा की रं त्यो!"

खरोखरच, पैरा. आज माझ्या रानात तुमची बैलजोडी, परवा तुमच्या रानात माझी. लिहून ठेवायचे नाही, मात्र विसरायचेही नाही. कोकणात यालाच सावड म्हणतात. सगळे गाव मिळून एकाची नांगरट उरकते तेव्हा ती इर्जिक होते. एका इंग्रज लेखकाने परग्रहावरची म्हणून जी अर्थव्यवस्था कल्पिली, ती आमच्या करवीर-राधानगरीच्या शिवारात ट्रॅक्टर येईपर्यंत नांदत होती. आपल्या परंपरेने तर माणूस जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो असे मानले. रसेलला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. गांधीजींच्या नकाराला मात्र त्याने नेमक्या याच पायावर उभे केले आहे. 'मी करणार नाही' हे शब्द कोणीही उच्चारू शकतो. पण ते उच्चारल्यानंतर सायंकाळी घरात चूल पेटेल अशी शाश्वती ज्याला शेजाऱ्यांनी दिलेली आहे, त्याचाच नकार दुसऱ्या दिवशीही टिकतो.

माझ्या पिढीला हे निराळ्या मार्गाने कळले. आणीबाणी आली तेव्हा मी फार लहान होतो. लोकसंघर्ष समितीने १४ नोव्हेंबर १९७५ पासून देशभर सत्याग्रह सुरू केला, तुरुंग भरले, हा इतिहास या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मला सांगायची आहे ती घरात पुनःपुन्हा ऐकलेली एक लहानशी गोष्ट. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले. पाठीमागे पत्नी, वृद्ध आई आणि तीन मुले. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार ना संघाचा, ना कोणत्या पक्षाचा. तो दरमहा त्या घरी सामान पोचवी, आणि उधारीच्या वहीत लिहीत नसे. "लिहिलं की मागावं लागतं," असे तो म्हणे. घोषणा देऊन तुरुंगात गेलेल्याचे नाव पुढे सत्कार समारंभात झळकले. दुकानदाराचे नाव कोठेच आले नाही. पण त्या सत्याग्रहाचे निम्मे बळ त्या न लिहिलेल्या वहीत होते, असे मी मानतो.

आता पुन्हा टोलकडे वळू. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम एका खासगी कंपनीकडे गेले. खर्च सुमारे २२० कोटी रुपये, आणि त्याच्या बदल्यात ३० वर्षे टोल. शहराच्या चहूबाजूंना नऊ नाके उभे राहिले : शिरोली, उचगाव, सरनोबतवाडी, शाहू नाका, आर. के. नगर, कळंबा, पुईखडी, फुलेवाडी, शिये. म्हणजे दूध घालायला येणारा, उसाची वाहने हाकणारा, नात्यातल्या लग्नाला निघालेला, कोणीही असो, तो नाक्यातूनच जाणार. रस्त्यांच्या दर्जाबद्दल, अपुऱ्या कामांबद्दल तक्रारी होत्याच. परंतु लोकांना झोंबला तो मूळ प्रश्न : आपल्याच गावात शिरण्याचे पैसे?

सर्वपक्षीय कृती समिती स्थापन झाली. ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील अग्रभागी होते. गोविंदराव पानसरे होते. या दोघांचे विचार आणि आमचे विचार यांत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु त्या व्यासपीठावर शिवसैनिक होते, भाजपचे कार्यकर्ते होते, तालमींची मुले होती, रिक्षावाले होते, आणि एरवी मोर्चाकडे गच्चीवरून पाहणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीही होत्या. 'टोल देणार नाही' ही घोषणा जशी भिंतींवर रंगली तशीच ती गाड्यांच्या काचांवरही चिकटली. तालमी, मंडळे, भिशी, दूध संस्था, पेठापेठांतले नातेसंबंध या जाळ्यातून हे आंदोलन वाहिले. खिडकीत बसलेला मुलगाही त्याच जाळ्यातला होता, आणि म्हणूनच त्याच्या मागणीत जोर नव्हता. रसेलच्या कथेतले शिपाई गावात जाऊन जेवले आणि मग परत येईनात. आमच्याकडचा शिपाई मुळातच गावातला होता.

मात्र येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची मोडतोड झाली, जाळपोळ झाली. तो दिवस मी पाहिला आहे. धूर पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे, एरवी मुंगीलाही न दुखवणारे लोक होते. 'त्याशिवाय सरकार जागे होत नाही' असे पुष्कळांनी तेव्हा सांगितले, आजही सांगतात. माझे मत वेगळे आहे. शांतपणे 'देणार नाही' म्हणणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीतल्या गृहस्थांवर लावण्यासारखे कलम शोधताना पोलिसांना घाम फुटला असता. आगपेटी काढणाऱ्यावर लावायची कलमे तयारच असतात. नकार देणारा माणूस सत्तेला अनोळखी प्रदेशात ओढतो. दगड उचलणारा सत्तेच्या ओळखीच्या मैदानात स्वतः जाऊन उभा राहतो.

टोल अखेर गेला. डिसेंबर २०१५ मध्ये तो रद्द झाल्याची घोषणा झाली. गोविंदराव पानसरे यांची त्याच वर्षी फेब्रुवारीत हत्या झाली होती. ज्या लढ्यात ते होते त्याचा शेवट त्यांना पाहता आला नाही. प्रा. पाटील २०२२ च्या जानेवारीत गेले. आणखी एक बाब नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. टोल गेला म्हणून रस्ते फुकट झाले नाहीत. कंपनीचे देणे सार्वजनिक तिजोरीवर आले. रसेलच्या ग्रहावर ऑब फेडल्याशिवाय सुटका नसते. ती येथेही झाली नाही, फक्त फेडणारे हात बदलले.

रसेलच्या कथेवर विसंबून 'नकार दिला की सत्ता पळते' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी मग हॅरी टर्टलडव्ह या अमेरिकन लेखकाची 'द लास्ट आर्टिकल' ही १९८८ ची कथा अवश्य वाचावी. हा लेखक इतिहासाचा अभ्यासक. त्याच्या कथेत दुसरे महायुद्ध जर्मनीने जिंकले आहे आणि इंग्रजांच्या जागी हिंदुस्थानात नाझी सैन्य आले आहे. फील्ड मार्शल मोडेल दिल्लीत आहे. गांधीजी पूर्वीप्रमाणेच सत्याग्रह पुकारतात. मोडेल तुरुंग भरत बसत नाही, खटले चालवत नाही, वृत्तपत्रांत काय छापून येईल याची त्याला फिकीर नाही. तो बंदुका चालवतो, आणि शेवटी गांधीजींनाही गोळी घातली जाते. कथा संपते तेव्हा घशात काहीतरी अडकते. गांधीजींनी १९३८ साली 'हरिजन'मध्ये जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला होता, हे आठवले म्हणजे ही कथा अधिकच बोचते. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ च्या आपल्या गांधीविषयक निबंधात हाच प्रश्न उपस्थित केला होता : जेथे विरोधक मध्यरात्री नाहीसे होतात आणि त्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही, तेथे हे शस्त्र चालणार कसे?

या प्रश्नासाठी आपल्याला जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. कोल्हापुरातून आंबोलीचा घाट उतरले की बांदा लागते, आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवी. १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या याच सीमेवरून आत शिरत होत्या. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गेले. जूनमध्ये जगन्नाथराव जोशी यांच्या नेतृत्वाखाली जनसंघाची तुकडी गेली. त्याआधी एप्रिलमध्ये म्हापशाला गोवा नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन भरवू पाहणाऱ्या सुधाताई जोशी पकडल्या गेल्या होत्या. समाजवादी, जनसंघीय, सर्वोदयी अशी सगळी माणसे निःशस्त्र होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही सीमा ओलांडू लागले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मारली गेली. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ पडले, पंजाबचे कर्नैलसिंग पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय गोळ्या झेलून जखमी झाल्या.

लिस्बनमधल्या सालाझारला यामुळे लाज वाटली, असा कोठेही पुरावा नाही. त्याच्या देशात मुक्त वृत्तपत्रे नव्हती, खऱ्या अर्थाने विरोधी पक्ष नव्हता, आणि पत्रादेवीला मेलेल्या माणसांशी त्याच्या मतदारांचा पैरा नव्हता. गोवा मुक्त झाला तो सहा वर्षांनी, १८-१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य उतरल्यावर. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. तो गव्हर्नर जनरल वासाल्यु इ सिल्वा यांनी मानला नाही आणि शरणागती पत्करली. सत्याग्रह जेथे हरला तेथे शेवटचा नकार एका पोर्तुगीज सेनाधिकाऱ्याने दिला, हा इतिहासाचा विनोद रसेललाही सुचला नसता.

तर मग पत्रादेवीचे रक्त वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. त्या रक्तामुळे गोव्याचा प्रश्न दिल्लीला बाजूला सारता आला नाही. पण नकार पुरेसा ठरला नाही, हेही तितकेच खरे. रसेलने पहिला अर्धा भाग सांगितला, टर्टलडव्हने दुसरा. उर्सुला ल ग्विन या लेखिकेने १९७८ च्या 'द आय ऑफ द हेरन'मध्ये या दोहोंच्या मधली वाट दाखवली. तिच्या कादंबरीतील शांततावादी वस्तीचा तरुण नेता मारला जातो, आणि त्यानंतर उरलेल्यांपैकी बरेचजण सत्तेशी भांडत न बसता दूरच्या अनोळखी प्रदेशात नवे घर करण्यास निघून जातात. असे निघून जाणे हाही एक नकारच. आपल्याकडे इतकी मोकळी जमीन नाही, म्हणून तो आपल्याला सुचत नाही, एवढेच.

रसेलशी माझा एक गंभीर मतभेद आहे आणि तो सांगितला पाहिजे. त्याच्या ग्रहावर घेणारा पण न फेडणारा एक आळशी जॅक होऊन गेला. हळूहळू सगळ्यांनी त्याच्याशी व्यवहार करण्यास नकार दिला. दुसऱ्या गावी गेला तर तेथेही तेच. अखेर त्याला जगणेच अशक्य झाले. गँड मुलांना ही गोष्ट बोधकथा म्हणून सांगतात. महाराष्ट्रातल्या माणसाला ती बोधकथा वाटू शकत नाही. आम्ही याला वाळीत टाकणे म्हणतो. दुसऱ्या जातीत लग्न केले म्हणून किराणा बंद, विहीर बंद, अंत्ययात्रेला खांदा बंद. जातपंचायतींनी केलेल्या अशा बहिष्कारांच्या बातम्या माझ्याच हातून छापून गेल्या आहेत. अखेर २०१६ साली विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या जाळ्याच्या बळावर एकटा माणूस सरकारला नकार देऊ शकतो, तेच जाळे एकट्या माणसाचा गळा आवळू शकते. हिंदू समाजाच्या संघटनेचा ध्यास घेतलेल्या आपल्यासारख्यांनी तर या कथेतला आळशी जॅक उशाशी ठेवून झोपावे. रसेलच्या ग्रहावर न्यायालय नाही, म्हणून जॅकला दाद मागण्याची जागा नाही. आपल्याकडे ती आहे, आणि ती सरकारनेच दिलेली आहे.

याच अनुषंगाने एक अप्रिय प्रश्न. आणीबाणीतल्या नकाराचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि ते तेथेच बसलेले होते. दुर्गाबाई ना कोणत्या शाखेत गेल्या होत्या, ना कोणत्या पक्षात. तरीही आपण त्यांचे नाव आदराने घेतो, कारण त्यांचा नकार आपल्या विरोधकाला होता. पण सत्ता आपल्या विचारांच्या लोकांकडे असताना कोणी एकटी बाई अशीच व्यासपीठावर उभी राहिली, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? 'यामागे कोण आहे?' हाच ना? टोलविरोधी कृती समितीने मला या बाबतीत एक धडा दिला. २०१४ मध्ये राज्यातले सरकार बदलले, समितीतल्या काही पक्षांचेच लोक मंत्री झाले. आता तरी हे लोक गप्प बसतील, असा अंदाज मी मित्रांपाशी छातीठोकपणे व्यक्त केला होता. तो साफ चुकला. वर्षभर त्याच घोषणा, तेच मोर्चे, आणि त्यांत सत्ताधारी पक्षांचे स्थानिक कार्यकर्तेही. मंत्र्यांना त्यांच्याच माणसांनी 'देणार नाही' म्हणून सुनावले. माझ्या दृष्टीने या आंदोलनाचा सर्वांत उंच क्षण तो होता, आणि त्याचे छायाचित्र कोणाकडेही नाही.

इतके सगळे आपल्याच मातीत घडलेले असताना मराठी विज्ञानकथेने या विषयाला हात का घातला नसावा, याचे मला कोडे पडते. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे; १९ जुलै १९३८ चा त्यांचा जन्म. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून बनवलेले ते नाव. मोठ्या नावाचा परीक्षकांवर भार नको म्हणून. हादेखील अधिकाराला दिलेला एक सौम्य नकारच, आणि तो स्वतःच्याच अधिकाराला. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये मराठे पानिपत जिंकतात, आणि आपण सगळे ती कथा वाचून सुखावलो. मे २०२५ मध्ये डॉक्टर गेले. त्यांच्यानंतर लिहिणाऱ्यांनी यंत्रमानव लिहिले, विषाणू लिहिले, परग्रहवासी लिहिले. साध्या माणसाने सत्तेला शांतपणे 'नाही' म्हटल्यावर भविष्यात काय होईल, हे सांगणारी कथा मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. आपल्याला पानिपत जिंकण्याची स्वप्ने पडतात, पत्रादेवीची पडत नाहीत.

अशा कथेसाठी विषय शोधत परग्रहावर जाण्याची आता गरजही उरलेली नाही. गेल्या महिन्यात पुण्याहून परतताना किणी टोलनाक्यावरून आलो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग बंधनकारक आहे, आणि त्याची सोय मी नाकारत नाही. रांगेत वेळ जात नाही, सुट्या पैशांची कटकट नाही. गाडी थोडी मंदावली, वरच्या यंत्राने काचेवरची पट्टी वाचली, दांडा वर गेला. मला सहज शिरोली नाका आठवला. त्या पांढऱ्या गाडीतल्या काकांना आज येथे 'देणार नाही' असे म्हणायचे असेल, तर ते कोणाला म्हणतील? काच खाली करून ते पाहतील, तर खिडकीत 'मला मागायला सांगितलंय' म्हणणारा शेजारच्या गावचा मुलगा नसेल. दांडा उचलताना एकदा गाडीकडे आणि एकदा रांगेकडे पाहणारा पोलीसही नसेल. मागणारा नाही, म्हणून नाकारणाराही नाही. हा विचार मनात येईपर्यंत नाका मागे पडला होता आणि खिशातल्या मोबाइलवर पैसे कापल्याचा संदेश येऊन पडला होता.